शेवगा, कांद्याची पात आणि बारामतीचे चीज

मागच्या महिन्यात गाजराच्या लोणच्यावर लिहिले, तेव्हा दोघी-तिघींनी विचारले की इफ्तारीला तळणाशिवाय काही सांगाल का. प्रश्न बरोबर आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि गेली दोन-तीन वर्षे तो फाल्गुनाच्या आसपास येतो आहे. दिवसा ऊन चटका देऊ लागते, संध्याकाळी मात्र हवा बरी असते. अशा वेळी रिकाम्या पोटी भजी, समोसे आणि कटलेट रोज रोज सोसत नाहीत. घरात वयस्कर माणूस असेल तर नाहीच नाही.

आमच्या घरात आहे. अब्बांच्या इंतकालनंतर दीड वर्ष अम्मी इंदापूरच्या घरात एकटी राहिली. भाऊ आखातात. शेवटी गेल्या पावसाळ्यात मी तिला बारामतीला आणले. पण लेकीच्या घरी राहायचे हे तिला मनातून पटलेले नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसे. फ्रिज स्वतःच्या हाताने उघडत नसे. पाणी हवे असले तरी ‘मेरे वास्ते मत उठ’ म्हणून आधी मलाच थांबवी आणि मग तहान तशीच ठेवी. आमचे हे तिला अम्मीच म्हणतात, कधी शब्दाने दुखवले नाही, तरी तिचे चालूच: ‘जावयाचं घर आहे बेटा.’

त्यात दिवाळीनंतर तिचे वरचे सगळे दात काढावे लागले. कवळी बसवली, ती टोचते म्हणून डबीत. भाकरी बंद झाली, मटणाचा तुकडा बंद झाला. रश्शात पोळी कुस्करून दोन घास खायची आणि ‘पोट भरलं’ म्हणायची. जानेवारीत वजन केले तर ४२ किलो. डॉक्टरांनी सांगितले, अंडी, दूध, डाळ, मऊ भाज्या, काहीही करा पण पोटात जाऊ द्या. उकडलेले अंडे तिला कोरडे वाटते. दूध म्हणजे आजाऱ्याचे खाणे.

माझी मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, ‘मम्मी, नानीला क्विश करून दे. मी कॅफेत खाल्लंय. खाली खारी बिस्किटासारखा तळ, वर मऊ अंडं, दात लागतच नाहीत.’ एका तुकड्याला तिने अडीचशे रुपये मोजले होते, ते मला नंतर कळले.

हा क्विश मूळचा फ्रान्सच्या लॉरेन प्रांताचा, जर्मनीच्या सरहद्दीला लागून असलेल्या भागाचा. नावसुद्धा जर्मन ‘कुखेन’ म्हणजे केक, त्यावरून आलेले. मैद्याच्या कवचात अंडी आणि साय फेटून ओतायची आणि भट्टीत भाजायचे, एवढाच तो पदार्थ. लॉरेनच्या मूळ प्रकारात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून बाहेर कुठे खाणार असाल तर ‘लॉरेन’ हे नाव दिसले की सरळ बाजूला ठेवा. गंमत म्हणजे त्या जुन्या प्रकारात चीज नव्हतेच, ते मागाहून आले. भाजीचा क्विश तर फारच अलीकडचा. तेव्हा आपण त्यात शेवगा घातला तर कोणाचा काही बिघडवला असे होत नाही.

आणि अंड्यात हिरवी भाजी घालून जाड वडीसारखे शिजवणे हे काही फ्रेंचांचेच नाही. इराणात नवरोजला, म्हणजे २०-२१ मार्चच्या सुमाराला, कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात असा मूठ मूठ पाला अंड्यात घालून ‘कुकू सब्जी’ करतात. ट्युनिशियात ‘ताजीन’ म्हणून अंडी, चीज आणि मांस किंवा भाजी यांचा भाजलेला जाड थर असतो, रमजानच्या इफ्तारीत तो हमखास दिसतो. मोरोक्कोच्या रस्सेदार ताजीनशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मुंबईच्या पारशी घरांत बटाट्यावर, भेंडीवर, टोमॅटोवर अंडी फोडून झाकण ठेवतात. आमच्या अम्मीचेही एक आहे, त्यावर पुढे येते.

आधी चीजबद्दल. बारामतीत राहून चीजला परके म्हणणे मला आता शोभत नाही. इथल्या एमआयडीसीत नव्वदच्या दशकात डायनॅमिक्स डेअरी उभी राहिली, पुढे अमेरिकेची श्रायबर कंपनी त्यात आली. मॅकडोनल्डच्या बर्गरमधला चीजचा चौकोनी काप भारतात याच बारामतीतून जात आला आहे. बारामती, इंदापूर, दौंडच्या गोठ्यांतले दूध रोज सकाळ-संध्याकाळ टँकरने डेअऱ्यांना जाते. आधी या भागात एवढे दूध नव्हते. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ सुरू केली, गावठी गाईंना जर्सी आणि होल्स्टीनचे संकर झाले, आणि उसाच्या वाड्यावर ती जनावरे पोसली गेली. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या पोरीही डेअरीत पाकिटे भरायच्या कामाला जातात. तरी आमच्या घरात चीज आले ते मुलीच्या पिझ्झ्याच्या हट्टापायी, अगदी अलीकडे.

बऱ्याच जणी विचारतात, चीज चालते का? शंका रास्त आहे. दूध घट्ट करायला रेनेट नावाचा पदार्थ लागतो आणि जुन्या पद्धतीत तो वासराच्या पोटातून काढत. आता सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट मिळते. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात जनावराचे रेनेट नाही, दूध सोडून प्राण्याचा कोणताच अंश नाही, असा त्याचा अर्थ. परदेशातून कोणी चीज आणले तर मात्र पाकीट उलटे करून वाचा.

पहिला प्रयत्न फसला. मुलीने मोबाइलवर बघून केला. पालक चिरून कच्चाच घातला, मीठ चवीपुरते घातले आणि वर चीजही घातले, ओव्हन 200 वर ठेवून दिला. बाहेर काढले तेव्हा रंग इतका सुरेख आला होता की फोटो निघाले. कापल्यावर सुरीबरोबर पाणी आले. तळ भिजलेल्या पोळीसारखा. अम्मीने चमच्याने एक घास घेतला, जरा वेळ तोंडात फिरवला आणि म्हणाली, ‘अंडा रो रहा है बेटा. आंच जादा हुई.’

अंडे रडते, हा शब्द मी विसरले होते. लहानपणी खरवस जास्त शिजला की अम्मी असेच म्हणायची. चीक आणि साखरेचा डबा वाफेवर मंद ठेवला तर खरवस रेशमासारखा होतो, आच वाढवली की जाळी पडते आणि खाली पाणी साचते. क्विशचेही तेच आहे. फार तापले की अंडे आकसते आणि पोटातले पाणी बाहेर टाकते. त्यात पालक स्वतःचे पाणी सोडतो ते वेगळे. आणि डब्यातले प्रोसेस्ड चीज आधीच खारट असते, हे आम्ही दोघी विसरलो.

मग अम्मी आपण होऊन बोलू लागली. इंदापूरला फुलांच्या दिवसांत ती शेवग्याच्या फुलांची अंडी करायची. फुले सुपात घेऊन झटकायची, कारण त्यात मुंग्या असतात. मिठाच्या पाण्यातून काढून पिळायची, म्हणजे कडसरपणा जातो. कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीवर परतायची. कल्हईच्या पातेल्यात तुपाचा हात फिरवून ती फुले पसरायची, वर साय घालून फेटलेली अंडी, आणि कडा असलेले झाकण ठेवून त्यावर चार निखारे. चुलीतला जाळ ओढून घ्यायचा, खाली नुसती धग. ‘दम के अंडे’ एवढेच त्याचे नाव. मी ते खाल्ले आहे. खाल्ले आहे एवढेच, शिकले नाही. घरात गॅस आला, मग शेवग्याच्या शेंगा आमटीत आणि फुले झाडाखाली.

‘परसातला शेवगा आहे का गं अजून?’ तिने विचारले. तिच्या आजारपणात तिने स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट असेल.

रविवारी आम्ही तिघी एसटीने इंदापूरला गेलो. बारामती-इंदापूर पन्नासेक किलोमीटर. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, हा तुकोबांच्या पालखीचाच रस्ता. दुतर्फा ऊस, मध्ये डाळिंबाच्या बागा. घर उघडले तेव्हा धुळीचा आणि बंद लाकडाचा वास आला. अम्मी आधी परसात गेली. शेवगा होता. फुले बरीचशी झडून गेली होती, वरच्या फांद्यांवर थोडी शिल्लक, आणि कोवळ्या शेंगा लोंबत होत्या. शेजारच्या मुलाने काठीने शेंगा काढून दिल्या, एक ओंजळ फुलेही मिळाली. जाताना अम्मीने माळ्यावरून ते पातेले आणि झाकण काढायला लावले. कल्हई गेली होती. बारामतीत कल्हईवाला शोधायला आठवडा लागला, एवढे सांगते. कल्हई नसलेल्या तांब्यात अंडी, दही, टोमॅटो शिजवू नका, अगदी एकदासुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला अम्मी खुर्ची घेऊन ओट्याजवळ बसली. कृती तिघींची मिळून आहे, प्रमाण आठ ते नऊ इंची गोल केकच्या डब्याचे. सहा माणसांना इफ्तारीला पुरते.

तळासाठी दीडशे ग्रॅम मैदा आणि पन्नास ग्रॅम गव्हाचे पीठ घ्या. फ्रिजमधले गार लोणी शंभर ग्रॅम, त्याचे बारीक तुकडे करून पिठात बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखे दिसेपर्यंत. तळवा लावू नका, लोणी वितळते. पिवळे खारे लोणी असेल तर वेगळे मीठ नको. घरचे पांढरे असेल तर अर्धा चमचा मीठ. मग बर्फाचे पाणी चार-पाच मोठे चमचे, जेमतेम गोळा होईल इतकेच. पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाही. अम्मीचा हात इथे सवयीने मळायला लागला आणि नातीने तिला थांबवले, तेव्हा घरात थोडे हसे झाले. मळले की तळ चिवट होतो, आणि दात नसलेल्यांना तोच टोचतो. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

नंतर जाडसर लाटून डब्यात बसवा, कडा दीड इंच वर येऊ द्या. काट्याने टोचे मारा. वर बटर पेपर ठेवून त्यात मूठभर राजमा किंवा हरभरे पसरा, म्हणजे तळ फुगत नाही. 180 वर पंधरा मिनिटे भाजा, मग कडधान्य आणि कागद काढून आणखी आठ-दहा मिनिटे, फिकट बदामी होईपर्यंत. हा तळ आधी भाजणे टाळू नका, पहिल्या वेळी आमचा घात यानेच केला होता. तळ आदल्या रात्रीही करून ठेवता येतो, रोजाच्या दिवशी ते सोयीचे. ते हरभरे पुन्हा पुन्हा याच कामाला वापरा, उसळीला नाही.

भाजी एकूण दोन वाट्या, पण शिजल्यानंतरची. शेवग्याच्या सहा-सात शेंगा उकडून चमच्याने गर खरवडून घ्या, रेषा राहू देऊ नका. हे काम वेळखाऊ आहे, मुलांना बसवा. एक जुडी कांद्याची पात, पांढरा भाग आणि हिरवा भाग वेगळा चिरलेला. गाजर एक, किसून. मटार किंवा सोलाणे अर्धी वाटी, वाफवून. फुले मिळाली तर उत्तमच. थोड्या तेलावर पांढरा कांदा, हिरवी मिरची, मग गाजर, मटार, गर, फुले, शेवटी हिरवी पात. कढई कोरडी झाली, भाजी तळाला चिकटू लागली की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. मेथी किंवा पालक घालणार असाल तर परतून, पिळून मगच. टोमॅटो मी घालत नाही. काहींना आवडतो, पण त्याचे पाणी आवरत नाही.

चार अंडी, दोनशे मिली सायीसकट दूध आणि शंभर मिली घरची ताजी साय. काट्याने नुसते एकजीव करा, फेस काढायचा नाही, फेस वर येऊन जाळी पडते. मिरपूड, किंचित जायफळ. मीठ पाव चमचा, त्याहून जास्त नको, कारण चीज. जायफळ फ्रेंच लोकही घालतात आणि आम्ही खरवसात घालतो, त्यामुळे अम्मीला ते लगेच पटले.

चीज शंभर ग्रॅम. चेडार मिळाले तर चव चांगली येते. प्रोसेस्ड क्यूब असतील तर चार किसून पुरतात. महाग वाटत असेल तर निम्मे चीज आणि निम्मे कुस्करलेले पनीर घ्या, मोठासा फरक पडत नाही. मोझरेला नको. त्याच्या तारा ओढत बसाव्या लागतात आणि अम्मीसारख्यांच्या घशात अडकतात.

निम्मे चीज तळावर पसरा, त्यावर भाजी, त्यावर अंड्याचे मिश्रण हळूहळू, वर राहिलेले चीज. 170 वर पस्तीस ते चाळीस मिनिटे. कडा घट्ट आणि मधोमध डबा हलवला तर खरवसासारखे थरथरले पाहिजे. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलात तर अंडे रडणार. बाहेर काढल्यावर त्याच्याच उष्णतेने मध्य बसतो. वीस मिनिटे हात लावायचा नाही.

हे सगळे कागदावर. त्या दिवशी असर नंतर डबा ओव्हनमध्ये गेला आणि पंधराव्या मिनिटाला वीज गेली. कडेला बसलेले, मध्ये दूधच. मुलगी रडकुंडीला आली, चार अंडी आणि एवढी साय. मी म्हटले, राहू दे, फ्रिजमध्ये ठेवू, वीज आली की बघू. अम्मी उठली. भिंतीला धरून नाही, तशीच उठली. ‘नमक है कितना?’ म्हणाली. मोठे पातेले गॅसवर ठेवायला सांगितले, तळाला जाड मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, त्यावर डबा. आच अगदी बारीक. कबाबांच्या शेगडीसाठी कोळसा आमच्याकडे असतोच. तो पेटवून कडेच्या झाकणावर ठेवला आणि तिने हात वर धरून आच अजमावली, दोन निखारे चिमट्याने उचलून बाजूला केले. मग एकटक त्या झाकणाकडे बघत उभी राहिली. बस म्हटले तर ऐकेना.

पंचवीस मिनिटांनी झाकण काढले. एका बाजूला जास्त तांबूस, दुसऱ्या बाजूला फिकट, तळ थोडा मऊच राहिला होता. पण अंडे रडले नव्हते. मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटे उरली होती. खजूर आणि पाण्यानंतर अम्मीने एक तुकडा खाल्ला, नंतर कडेचा टणक भाग सोडून दुसरा निम्मा खाल्ला. यांनी विचारले, ‘अम्मी, हे फ्रान्सचं आहे म्हणे?’ ती म्हणाली, ‘होगा. पर कमी है इसमें कोथमीर की.’

म्हणून कोथिंबीर. मूठभर, बारीक चिरून, अंड्याच्या मिश्रणात. तिच्या सांगण्यावरून आता नेहमी घालतो.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हीच मिठाची पद्धत सुरुवातीपासून वापरावी. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा कढईत मीठ, स्टँड आणि झाकण, दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवून घ्या. आधी तळ कडधान्य भरून वीस-पंचवीस मिनिटे, नंतर कागद काढून आणखी दहा. भरल्यानंतर बारीक आचेवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे. झाकणाच्या आत फडके बांधा, नाहीतर वाफेचे थेंब अंड्यावर पडतात. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर काढून ठेवा. निखाऱ्यांची सोय नसेल तर लोखंडी तवा चांगला लाल तापवून झाकणाच्या जागी शेवटची पाच-सात मिनिटे ठेवा, वर रंग येतो. खोलीत निखारे करणार असाल तर खिडकी उघडी असू द्या. ते मीठ गार झाले की डब्यात भरा, पुन्हा भाजायला चालते, जेवणात नाही.

उरले तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, सहरीला तव्यावर झाकण ठेवून गरम करा. वयस्कर माणसासाठी तळ न करता नुसते वरचे मिश्रण तूप लावलेल्या वाट्यांत ओतून वाफवले तरी चालते, मऊ खरवसासारखे होते. अम्मीला आठवड्यातून दोनदा तेच देते. तिचे वजन आता 44 च्या पुढे गेले आहे. परवा मी बाजारातून आले तर ती फ्रिज उघडून आत वाकलेली. मला बघून दचकली, मग म्हणाली, अंडी किती उरलीत ते बघत होते.